पायडल : पायाखालच्या चार इंचांची गोष्ट

आमच्या घरात ‘पेडल’ असा शब्द कुणी वापरत नसे. सगळे ‘पायडल’ म्हणत. ‘जोरात पायडल मार’, ‘पायडलवर उभी राहू नकोस’, ‘पायडल खडखडतंय, जरा तेल घाल’. शाळेत गेल्यावर तो शब्द अशुद्ध असल्याचे कळले आणि मी तो सोडून दिला. पुष्कळ वर्षांनी कोशात पाहिले, तर इंग्रजी ‘पेडल’चे मूळ लॅटिनमधल्या पाऊल या अर्थाच्या ‘पेस’ या शब्दात निघाले. संस्कृतातला ‘पाद’ आणि त्यातून आलेला आपला ‘पाय’ हे त्याचेच भाऊबंद. म्हणजे आमच्या आजोबांनी शब्दाचा अपभ्रंश केला असेल, पण मूळ बरोबर पकडले होते.

हे सगळे शोधायची वेळ आली ती एका अपघातामुळे. मी डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या निवासी विभागात राहते आणि स्टेशनपर्यंत सायकलने जाते. अंतर जेमतेम तीन किलोमीटर. गेल्या वर्षी जुलैतल्या एका सकाळी, रस्त्यावर पाणी साचलेले असताना, पुढचे चाक न दिसलेल्या खड्ड्यात गेले. सायकल उसळली, पण आडवी झाली नाही. आडवी झाले ते मी, कारण त्या उसळीत माझा डावा पाय पेडलवरून घसरला. मागून येणाऱ्या टेम्पोवाल्याने वेळेवर ब्रेक दाबला म्हणून हा लेख लिहायला मी आहे. नडगीला चार टाके पडले.

घरी आल्यावर सायकल उलटी करून पाहिली. पेडल साध्या प्लास्टिकचे होते. त्यावरचे दाणे झिजून ते साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत झाले होते. सायकल घेताना मी गिअर किती आहेत ते विचारले होते, सीट दाबून पाहिली होती, रंगावर तर अर्धा तास घालवला होता. पेडलकडे मात्र नजरही टाकली नव्हती. माणूस आणि सायकल यांची गाठ तीनच ठिकाणी पडते : हात, बैठक आणि पाय. त्यातल्या तिसऱ्या ठिकाणाविषयी मला काहीच माहिती नव्हती.

मुलगा म्हणाला, “आई, बुटाला अडकणारे पेडल घे. पाय निसटायचा प्रश्नच नाही.” आमचे सायकलवाले मिस्त्री म्हणाले, “ताई, लोखंडी टाकून देतो, जन्माला जातील.” दोन्ही सल्ले आपुलकीचे होते, पण एकमेकांशी त्यांचा मेळ नव्हता. मग मी वाचायला लागले, दुकाने पालथी घातली आणि पुढच्या पावसाळ्यात चार प्रकारचे जोड त्याच सायकलवर, त्याच रस्त्यावर चालवून पाहिले. हाती लागले ते पुढे मांडते आहे.

पेडल आले कुठून

सायकलच्या पूर्वजाला पेडल नव्हतेच. कार्ल फॉन ड्राइस या जर्मन गृहस्थाने १८१७ साली मानहाइममध्ये जे दोनचाकी लाकडी वाहन चालवले, ते जमिनीला पायांनी रेटा देत पळवायचे होते. पुढच्या चाकाला क्रँक आणि पेडल लावलेले वाहन १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये दिसू लागले. त्याचे श्रेय मिशो कुटुंबाचे की पिएर लालमाँ या तरुण कारागिराचे, हा वाद अजून चालतो. लालमाँने २० नोव्हेंबर १८६६ रोजी अमेरिकेत पेटंट मिळवले, एवढे मात्र कागदोपत्री आहे. १८८५ साली इंग्लंडात जॉन केंप स्टार्ली यांची ‘रोव्हर’ आली. तिच्यात पेडल दोन चाकांच्या मध्ये आले आणि चेन मागचे चाक फिरवू लागली. आजची सायकल मुळात तीच आहे.

आपल्याकडच्या काळ्या, उंच सायकलीवर जे पेडल आले ते त्याच इंग्रजी घराण्यातले. मधे लोखंडी दांडी, तिच्या दोन्ही अंगांना रबराच्या दोन विटा आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या. मुंबईत वरळीला हिंद सायकलचा कारखाना होता. पुढे तो चालेनासा झाला आणि १९८० साली कायदा करून सरकारने हिंद सायकल आणि सेन-रॅले या दोन्ही कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण केले. कारखाना गेला, पण त्या घडणीचे रबरी पेडल गेले नाही. पहाटे साडेपाचला डोंबिवलीत पाव, दूध आणि वर्तमानपत्रे घेऊन निघालेल्या सायकलींकडे पाहा. पेडल तेच आणि त्यावर चपलेतला पाय. कित्येकांच्या पेडलच्या विटा झिजून गळून पडलेल्या असतात. माणूस नुसत्या बोटाएवढ्या दांडीवर पाय रोवून, कॅरियरवर पावाची लादी घेऊन चढ चढत असतो.

अडकवावे की मोकळे ठेवावे

माझ्या मुलाने सुचवलेले पेडल शर्यतीच्या जगातून आले आहे. पूर्वी शर्यतपटू बुटाचे टोक पिंजऱ्यात घालून वर पट्टा आवळत. स्कीइंगच्या पट्टीला बूट ज्या पद्धतीने अडकतो, त्या पद्धतीचे पेडल लूक या फ्रेंच कंपनीने १९८४ मध्ये आणले आणि पुढच्याच वर्षी बर्नार हिनोने ते वापरून टूर द फ्रान्स जिंकली. १९९० मध्ये शिमानोने डोंगरी सायकलींसाठी लहान, चिखलातही चालेल अशी खाच आणली. बुटाच्या तळाला धातूचा तुकडा असतो, तो पेडलमध्ये खटकन बसतो आणि टाच बाहेर वळवली की सुटतो.

त्याच्या बाजूने नेहमी एक मुद्दा सांगितला जातो : पाय अडकलेला असला की खाली दाबण्याबरोबर वर ओढताही येते, म्हणून ताकद वाचते. ऐकायला पटते. पण प्रयोगशाळेत मोजले तेव्हा चित्र वेगळे दिसले. टॉम कॉर्फ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये अनुभवी सायकलपटूंना निरनिराळ्या पद्धतींनी पेडल मारायला लावले. मुद्दाम वर ओढल्यावर पेडलवरचा जोर अधिक सुबकपणे वाटला गेला खरा, पण त्यासाठी शरीराला ऊर्जा जास्त खर्चावी लागली. मांडी पुढे ढकलणारे स्नायू थोराड असतात, गुडघा वर उचलणारे त्या मानाने दुबळे. दुबळ्याकडून काम करून घेतले की मजुरी जास्त पडते, तशातली गत. पुढे २०१६ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठातील आशर स्ट्रॉ आणि रॉजर क्रॅम यांनी साधे धावण्याचे बूट व सपाट पेडल, पट्ट्याचा पिंजरा आणि अडकणारे बूट यांची तुलना केली. शांतपणे, एका गतीने चालवताना तिन्हींत ऊर्जेच्या खर्चाचा म्हणण्यासारखा फरक आढळला नाही.

याचा अर्थ अडकणारे पेडल निरुपयोगी आहे असा नाही. जीव तोडून मारलेल्या छोट्या धावेत ते जास्त ताकद काढू देते, हे त्याच क्रॅम यांच्या गटाने नंतर दाखवले. लांब पल्ल्यात पाय एकाच जागी राहतो, हाही फायदा आहे. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये जोडीने अमेरिका आडवी पार करण्याची जी शर्यत पुरी केली, तसले काही मनात असेल तर तो मार्ग जरूर धरावा. पण स्टेशन, मंडई, शाळा आणि रविवारी येऊरचा चढ किंवा टिटवाळ्याचे दर्शन, एवढाच पल्ला असलेल्याला त्यातून मिळणारे थोडे आणि गमावण्यासारखे बरेच.

गमावण्यासारखे काय, ते घोडबंदर रस्त्यावर किंवा कल्याण-शीळ मार्गावर दहा मिनिटे उभे राहिले तरी कळते. रिक्षा न सांगता थांबते, समोरून माणूस उलट्या दिशेने येतो, सिग्नलला पोचण्याआधीच गर्दी गोठते. अशा वेळी पाय जमिनीवर टेकायला अर्धा सेकंद मिळतो. सवय झालेला माणूस तेवढ्यात टाच वळवून पाय सोडवतो. सवय होईपर्यंत बहुतेक जण एकदा तरी, उभ्या सायकलीसह, झाड तोडल्यासारखे आडवे होतात. मोकळ्या मैदानात ते हसण्यावारी जाते, मागे डंपर असेल तर जात नाही. म्हणून मी सपाट पेडलवरच राहायचे ठरवले. प्रश्न उरला तो असा : सपाट पेडल पाय धरून ठेवत नाही, मग तो निसटणार नाही याची तजवीज कशी करायची?

पकड कशातून येते

ही तजवीज चार गोष्टींतून होते : जागा, काटे, खोलगटपणा आणि चालवणाऱ्याची टाच.

आधी जागा. साध्या सायकलीवरचे पेडल रुंदीला आठ-नऊ सेंटिमीटर असते, तर डोंगरी सायकलीसाठी बनवलेले सपाट पेडल दहा-अकरा सेंटिमीटर, म्हणजे चार इंचांच्या आसपास. बूट कडक असेल तर लहान पेडलही चालते, कारण तळवाच फळीसारखा वागतो. चप्पल किंवा मऊ बूट असेल तर पेडलची कड तळव्यात रुतते, बोटे बधिर होतात. आपल्याकडे बहुतेक जण मऊ तळव्याचे पादत्राण घालून सायकल चालवतात, म्हणून रुंद पेडल ही आपली खरी गरज आहे. मात्र पाऊल लहान असेल तर अकरा सेंटिमीटरच्या मागे लागू नये. पेडल पावलाबाहेर डोकावत राहिले, तर सायकल ढकलत चालताना ते पोटरीवर आपटते.

मग काटे. चांगल्या सपाट पेडलच्या दोन्ही बाजूंना कडेकडेने बारीक धातूच्या पिना असतात, बहुतेक वेळा स्क्रूसारख्या काढता-घालता येणाऱ्या. त्या रबरी तळव्यात किंचित रुततात आणि पाऊल जागचे हलत नाही. ओल्या रस्त्यावरचा फरक मला पहिल्याच दिवशी जाणवला. साध्या प्लास्टिकवर ओला तळवा तरंगतो, कारण मधे पाण्याचा पातळ थर राहतो. पिनांची टोके तो थर भेदतात. जुन्या रबरी विटा कोरड्यात फार छान धरतात, नव्या असताना पावसातही बऱ्या. मात्र त्यावरच्या खाचा झिजल्या आणि वर चिखल बसला की त्याही दगा देतात. प्लास्टिकवरच साच्यात काढलेले दाणे सर्वांत आधी झिजतात. माझ्या नडगीचे टाके हे त्या झिजलेल्या दाण्यांचे होते.

पिनांची दुसरी बाजूही सांगायला हवी. पाय निसटलाच, तर फिरून येणारे पेडल नडगी सोलून काढते. सलवारीचा घोळ त्यात अडकतो. पातळ तळव्याची स्लिपर दोन महिन्यांत चाळणी होते. कोल्हापुरी चपलेचा कातडी तळवा तर गुळगुळीत असतो, पिनांना त्यात धड शिरताही येत नाही. मी शेवटी मधला मार्ग काढला. कडेच्या पिना ठेवल्या, पायाला लागणाऱ्या मागच्या दोन काढून टाकल्या आणि उरलेल्यांच्या टोकांवर कानस फिरवली. लागलेच तर जखम साबणाने धुऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारावे. रस्त्यावरच्या चिखलाने माखलेल्या लोखंडाच्या बाबतीत आळस करू नये.

तिसरी गोष्ट खोलगटपणा. पेडलच्या कडा मध्यापेक्षा एक-दोन मिलिमीटर उंच असतील तर पाऊल वाटीत बसल्यासारखे बसते. पेडल डोळ्यांच्या पातळीवर आडवे धरून त्यावर पट्टी ठेवली की लगेच दिसते. कित्येक स्वस्त पेडल नेमके उलटे असतात. मधे दांडीची जागा फुगलेली आणि कडा उतरत्या. तेवढ्या उंचवट्यावर पाऊल डोलत राहते.

चौथी गोष्ट दुकानात मिळत नाही. खड्डा येताना दिसला की पेडल मारणे थांबवावे, दोन्ही पेडल जमिनीला समांतर आणावेत, सीटवरून किंचित उठावे आणि टाचा खाली सोडाव्यात. टाच खाली गेली की उसळी पावलाला पेडलवरून वर उडवण्याऐवजी त्याच्यावर दाबते. टाच वर आणि चवडा खाली अशा पायाला मात्र ती मागे ढकलते. मी पडले तेव्हा सीटवर निवांत बसलेली होते आणि डावा पाय तळाशी होता, हे आता आठवते.

पाऊल पेडलवर नेमके कुठे ठेवावे, यावर जुना नियम ‘चवडा दांडीच्या वर’ असा आहे. मोकळ्या पेडलवर पाऊल त्यापेक्षा थोडे पुढे सरकवले तरी चालते, मऊ पादत्राणात तर ते बरेच वाटते. पोटरीवरचा ताण कमी होतो. तळव्याच्या ऐन कमानीत पेडल घेणे मात्र टाळावे, कारण मग घोटा वापरून उसळी जिरवता येत नाही.

पाऊल हवे तसे सरकवता येणे हा सपाट पेडलचा मला न मागता मिळालेला फायदा. पेडलचा एक फेरा म्हणजे दोनास एक अशा गिअरला सुमारे सव्वाचार मीटर. दहा किलोमीटरला साधारण चोवीसशे फेरे होतात आणि तितक्याच वेळा प्रत्येक गुडघा वाकतो. पाऊल चुकीच्या कोनात जखडलेले असेल तर ती चूकही चोवीसशे वेळा होते. मोकळे पाऊल आपला कोन आपणच शोधते.

जाडी, धातू आणि आतले छर्रे

पेडल जितके जाड, तितके ते वळणावर जमिनीच्या जवळ. बहुतेक क्रँक १७० मिलिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे तळाशी आलेले पेडल आणि रस्ता यांत हाताच्या वितीएवढेही अंतर उरत नाही. वळताना आतल्या बाजूचे पेडल वर ठेवण्याची सवय म्हणूनच लावायची. पातळ पेडल तिथे थोडी सवलत देते. सोसायटीतल्या उंच गतिरोधकांवरही ती उपयोगी पडते.

धातूबद्दल मिस्त्रींशी माझा थोडा वाद झाला. लोखंडी पेडल टिकते, पण आपल्या पावसात गंजते आणि वजनदार असते. ॲल्युमिनियमचे हलके आणि मजबूत असते, मात्र आपटले की कडेला तीक्ष्ण खरड उमटते, ती कानशीने घासावी लागते. काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचे पेडल साध्या प्लास्टिकपेक्षा फार वेगळे. ते गंजत नाही, दगडावर आपटले तर घसरून निघते आणि त्यात धातूच्या पिना बसवता येतात. ‘प्लास्टिक म्हणजे हलक्या प्रतीचे’ हा समज इथे आड येतो. मला दुकानांत दोनशे रुपयांपासून तीन हजारांपर्यंतचे जोड दिसले. पिना बसवलेला नायलॉनचा जोड त्या दोन टोकांच्या मधे, खालच्या अंगाला सापडला.

खरा फरक मात्र आत असतो. दांडीभोवती पेडल फिरते ते सुट्या छऱ्यांवर, नाहीतर बंद बेअरिंगवर किंवा बुशवर. सुट्या छऱ्यांचे पेडल कोणताही मिस्त्री खोलतो, रॉकेलने धुतो, ग्रीस भरून पुन्हा बसवतो. पण पाणीही त्यात तितक्याच सहज शिरते. पावसाळा संपला की ते खोलायलाच हवे. बंद बेअरिंगचे पेडल पाऊस बराच काळ सोसते, मात्र एकदा गेले की गल्लीतल्या दुकानात सहसा दुरुस्त होत नाही, भाग मागवावा लागतो. दुकानात बोटाने टिचकी मारून ‘बघा कसं भिंगरीसारखं फिरतंय’ असे दाखवतात, त्याला भुलू नये. भरपूर ग्रीस असलेले नवे पेडल जरा जडच फिरते, आणि भिंगरीसारखे फिरते त्यात कधी कधी ग्रीसच नसते. त्यापेक्षा पेडल धरून वर-खाली हलवून पाहावे. टकटक लागली तर ते ढिले आहे. हळूच फिरवून पाहावे. वाळू चावल्यासारखे लागले तर छर्रे किंवा त्यांची वाट खराब झाली आहे.

डाव्या पेडलचे उलटे आटे

नवे पेडल बसवताना एक गोष्ट ठाऊक नसली तर सगळी मेहनत वाया जाते. उजव्या पेडलचे आटे नेहमीसारखे सुलटे असतात, डाव्याचे उलटे. कारण वरवर विचार करून सापडत नाही. बेअरिंगमधल्या घर्षणाने दांडी सैल होऊ नये म्हणून ही सोय, असे वाटते. पण हिशेब मांडला तर घर्षण उजव्या दांडीला सैलच करू पाहते. तिला घट्ट ठेवणारी क्रिया निराळी आहे.

ती स्वयंपाकघरात पाहता येते. परातीच्या कडेला आतून लागून एक वाटी उभ्या कडेवर नव्हे, बुडावर ठेवा आणि ती कडेला घासून न सरकता गडगडेल अशी फिरवा. वाटी परातीत डावीकडून फेरी मारत असेल तर ती स्वतःभोवती उजवीकडे फिरते. क्रँकचे भोक म्हणजे परात, पेडलची दांडी म्हणजे वाटी. दांडी भोकापेक्षा केसभर लहान असतेच. पायाचा दाब नेहमी खाली असतो, पण क्रँक फिरत असल्याने त्या भोकाच्या दृष्टीने दाबाची जागा गोल फिरत राहते. त्यामुळे दांडी भोकात अगदी किंचित गडगडते आणि घर्षणाच्या उलट दिशेने, जास्त जोराने वळते. उजव्या बाजूला ती दिशा सुलट्या आट्यांना घट्ट करणारी आहे, डाव्या बाजूला उलट्या. पुढे विमान उडवणाऱ्या राइट बंधूंनी १९०० च्या सुमारास आपल्या सायकलींवर हीच सोय केली होती.

लक्षात ठेवायचा नियम एकच. पाना दांडीवर उभा, वरच्या अंगाला धरावा आणि पुढच्या चाकाकडे ओढावा, म्हणजे घट्ट. मागच्या चाकाकडे ओढला की सैल. दोन्ही बाजूंना हाच नियम लागू. दांडीवर इंग्रजी एल आणि आर कोरलेले असते. ते पुसले असेल तर दांडी उभी धरावी : आटे उजवीकडे चढत गेले तर ती उजव्या बाजूची. एका दुकानात घाईघाईत माझ्या उजव्या क्रँकमध्ये डावे पेडल पान्याच्या जोरावर घुसवले गेले. लोखंडी दांडीने ॲल्युमिनियमच्या क्रँकचे आटे खाऊन टाकले आणि पेडलच्या दुप्पट किमतीची क्रँक बदलावी लागली. तेव्हापासून पहिले दोन-तीन फेरे मी स्वतः बोटांनी फिरवते. बोटांनी सहज शिरत नसेल तर तिथेच थांबते. आट्यांना आधी थोडे ग्रीस लावते, नाहीतर दोन पावसाळ्यांनी दांडी क्रँकला चिकटून बसते.

मापही तपासावे. तीन सुट्या भागांच्या क्रँकला नऊ-सोळांश इंचाची दांडी लागते. लहान मुलांच्या आणि काही स्वस्त सायकलींत दोन्ही बाजूंची क्रँक एकाच वाकवलेल्या लोखंडी कांबीची असते, तिला अर्ध्या इंचाची. एक दुसरीत बसत नाही.

रात्री दिसणारे पाय

साध्या पेडलच्या पुढे-मागे पिवळसर परावर्तक असतात. पिनांच्या बहुतेक पेडलवर ते नसतात, आणि मीही सुरुवातीला त्याची पर्वा केली नाही. नंतर गुनार योहान्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाचा १९७३ चा प्रयोग वाचनात आला. त्याने अंधारात माणसाच्या सांध्यांवर फक्त प्रकाशाचे ठिपके लावले. ठिपके स्थिर असताना पाहणाऱ्याला काही बोध होईना. ते हलू लागताच हा माणूस चालतो आहे, हे क्षणात ओळखू आले. सायकलवर वर-खाली होणारे दोन ठिपके हेच काम करतात. मागच्या गाडीवाल्याला पुढे काहीतरी चमकते आहे एवढेच नव्हे, तर माणूस आहे हे कळते. ऑस्ट्रेलियात झालेल्या प्रयोगांतही घोट्यांवर आणि गुडघ्यांवर परावर्तक लावलेले सायकलस्वार रात्री जास्त सहज ओळखू आले. म्हणून पिनांचे पेडल घेतले तर घोट्याला चमकणारा पट्टा बांधावा. सलवारीचा घोळही त्याने आवरला जातो.

मग कुणी काय घ्यावे

चार जोडांनंतर माझे मत असे बनले. रोज चपलेत, पाच किलोमीटरच्या आत आणि ओझे घेऊन सायकल चालवणाऱ्याला रबरी विटांचे रुंद पेडल अजूनही उत्तम. फक्त खाचा झिजल्या की ते बदलायचे. पावसात, खड्ड्यांतून, बूट किंवा सपाट रबरी तळव्याची सँडल घालून जाणाऱ्याने धातूच्या पिनांचे, किंचित खोलगट, बंद बेअरिंगचे नायलॉन पेडल घ्यावे. लहान मुलांना पिना नकोत, खरखरीत दाण्यांचे पेडल पुरते. सायकल जिन्याखाली किंवा चाळीच्या बोळात ठेवावी लागत असेल तर घडीचे पेडल सोयीचे वाटते. पण बिजागरीमुळे ते थोडे हलते आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर ते मला नकोसे झाले. आणि ज्याला लांब पल्ल्याचा, शर्यतीचा नाद लागला आहे त्याने अडकणारे पेडल घेताना महिनाभर मैदानात सराव करावा, मगच रस्ता धरावा.

या पावसाळ्यात त्याच रस्त्यावर, जवळपास त्याच जागी, पुन्हा एकदा पाण्याखालचा खड्डा लागला. सायकल उसळली, टाचा आपोआप खाली गेल्या, पाय जागेवर राहिले. मागे या वेळी बस होती.

माझे जुने रबरी जोड मी आमच्या पेपरवाल्या काकांना विचारले, हवेत का म्हणून. त्यांच्या सायकलीचे उजवे पेडल नुसत्या दांडीवर आले होते. “असू दे ताई, सवय झालीय दांडीची,” ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी मात्र पेपर टाकून झाल्यावर थांबले आणि म्हणाले, “बसवून द्याल का?” गेटपाशीच पाना लावला. सुदैवाने दांडी निघाली. निघताना त्यांनी दोन-तीनदा पाय उचलून पुन्हा ठेवून पाहिला, नव्या चपला घातल्यावर माणूस पाहतो तसा.

दिवाळीच्या तोंडावर घर झाडून निघते, समया घासल्या जातात, गाड्यांची पूजा होते. त्यात पाच मिनिटे सायकलीसाठी काढावीत. पेडल वर-खाली हलवून पाहावे, वरचे दाणे बोटाने चाचपावेत, आट्यांवर पाना एकदा पुढच्या चाकाकडे ओढावा. फडके रोडवरची दिवाळी पहाट गाठायला अंधारातच निघणार असाल, तर परावर्तकही पुसून घ्यावा.